पाचव्या पडद्यावरचा सा

गिटार मांडीवर घ्यावी, डाव्या हाताचं एकही बोट तारेवर टेकवू नये आणि उजव्या हातानं जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सहाही तारा एकेक करून छेडाव्यात. ई, ए, डी, जी, बी आणि वरचा ई. तारा सहा, स्वर पाच. हे पाच चढत्या क्रमानं लावले की ई, जी, ए, बी, डी अशी ई मायनर पेंटाटॉनिक स्केल होते. गिटारच्या क्लासमध्ये कॉर्ड्सची ओळख झाली की बहुतेक ठिकाणी पहिली शिकवतात ती मायनर पेंटाटॉनिकच. आपण ती शिकायला बसतो त्याच्या आधीपासून ती वाद्यात वाजत असते, हे मला एका दुपारी तारा जुळवताना ऐकू आलं. तेव्हापासून मी रियाजाची सुरुवात मोकळ्या तारांनीच करते.

या पाच स्वरांचं आपसातलं नातं फार देखणं आहे. बी पासून निघालं तर ई हा त्याचा मध्यम. ई चा मध्यम ए, ए चा डी, डी चा जी. एकच षड्ज-मध्यम भाव चारदा लावला की पाच स्वर हाती येतात. उलट्या दिशेनं आलं तर तोच षड्ज-पंचम भाव. आता या साखळीत आणखी एक कडी जोडून पाहावी. जी चा मध्यम सी, आणि सी आला की तो बी च्या अगदी शेजारी, अर्ध्या स्वरावर येऊन बसतो. दुसऱ्या टोकाला बी चा पंचम घ्यावा तर एफ शार्प येतो आणि तो जी ला खेटतो. म्हणजे सगळ्यांत गोड नात्यानं स्वर जोडत गेलं तर पाचापर्यंत कुणाचा कुणाला धक्का लागत नाही, सहाव्यापाशी पहिल्यांदा अंगाला अंग घासतं. चीनमध्ये, पश्चिम आफ्रिकेत, स्कॉटलंडमध्ये, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, एकमेकांना न विचारता माणसं पाच स्वरांत गात आली. त्याचं कारण शोधायला मला या साखळीच्या पलीकडे जावंसं वाटत नाही.

2009 साली न्यू यॉर्कच्या वर्ल्ड सायन्स फेस्टिव्हलमध्ये बॉबी मॅकफेरिन या गायकानं रंगमंचावर नुसत्या उड्या मारून श्रोत्यांकडून हे स्वर गाऊन घेतले होते. एका जागी उडी मारली की एक स्वर, शेजारच्या जागी मारली की दुसरा, एवढंच त्यानं शिकवलं. मग तो एक पाऊल पुढे गेला, जिथला स्वर त्यानं सांगितलाच नव्हता, आणि सगळ्या सभागृहानं एका गळ्यानं तो बरोबर लावला. ते चित्रण मी कितीही वेळा पाहिलं तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो.

क्लासमध्ये ही स्केल ई वर नव्हे, ए वर शिकवतात, पाचव्या पडद्यापाशी. तर्जनी पाचव्या पडद्यावर, अनामिका सातव्यावर, करंगळी आठव्यावर. सहाव्या तारेवर पाच आणि आठ. पाचव्या, चौथ्या, तिसऱ्या तारेवर पाच आणि सात. दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर पुन्हा पाच आणि आठ. प्रत्येक तारेवर दोन स्वर, एकूण बारा जागा. खालच्या सा पासून दोन सप्तकं आणि त्यावर एक गंधार. याला पहिला बॉक्स म्हणतात. जागा सोयीची निवडलेली आहे. गिटारचा प्रत्येक पडदा तारेची लांबी सुमारे 5.6 टक्क्यांनी कमी करतो, त्यामुळे पडद्यांमधलं अंतर वर जाता जाता आखडत जातं. 65 सेंटिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या पडद्यापर्यंतची जागा साडेतीन सेंटिमीटरहून जास्त असते, बाराव्यापाशी ती दोन सेंटिमीटरही उरत नाही. पाचव्यापाशी नवख्या हाताची करंगळी फार न ताणता आठव्यावर पोचते.

सुरुवात मेट्रोनोम 60 वर लावून. एका ठोक्याला एक स्वर, पिक एकदा खाली, एकदा वर. बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत दुखतं, मग दुखत नाही. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखे आहेत ते पलटे. सा ग म, ग म प, म प नि, प नि सां. लहानपणी पेटीसमोर बसून घोकलेले अलंकार इथे जसेच्या तसे कामाला येतात, आणि उजव्या हाताची खरी परीक्षाही इथेच होते. सरळ चढताना प्रत्येक तारेवर दोन स्वर असल्यानं प्रत्येक नवी तार पिकच्या खालच्या फटक्यानं सुरू होते, हात निर्धास्त असतो. तीन-तीनचे गट घेतले की ही सोय मोडते. तार कधी खालच्या फटक्यावर बदलते, कधी वरच्या, आणि पिकला तारेच्या कधी आतून तर कधी बाहेरून वाट काढावी लागते. गळ्याला जो पलटा सहज जमतो तो मनगटाला पुन्हा नव्यानं शिकवावा लागतो. हे शिकवणं मला मनापासून आवडतं. त्यात घाई चालत नाही. मेट्रोनोमचा आकडा चारानं वाढवावा, हात अडखळला तर दोनानं उतरवावा, आणि बोट उचलताना तारेपासून फार दूर जाऊ देऊ नये.

सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “यात चुकीचा स्वर नाहीच. कुठेही बोट ठेवा, बरं लागेल.” ते अक्षरशः खरं आहे. पाठीमागे एखादी संथ लय लावून या बारा जागांमध्ये कसंही फिरलं तरी कानाला बोचत नाही. नव्या माणसाला वाद्याशी बोलायला लावणारी याहून चांगली स्केल नाही, असं माझंही मत आहे. पण या अभयाची दुसरी बाजू रियाज वाढला तशी मला दिसू लागली. शुद्ध निषाद लागला की कान वरच्या सा ची वाट पाहू लागतो. शुद्ध गंधार मध्यमाकडे झुकतो. ही ओढ अर्ध्या स्वराच्या शेजारातून येते. इथे निषाद कोमल, सा पासून पूर्ण स्वर लांब. गंधार कोमल, मध्यमापासून पूर्ण स्वर लांब. कुणी कुणाला ओढत नाही. सात स्वरांची स्केल वाजवणाऱ्याला अर्धी वाट स्वरच दाखवतात, इथे ती वाजवणाऱ्यालाच काढावी लागते. कुठे निघायचं, कुठे थोडं रेंगाळायचं, कुठे बसायचं, हे बोटांनी ठरवलं नाही तर सगळं बरं लागत राहतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

हे ज्ञान मला गिटारच्या पुस्तकातून आलं नाही. ते आलं आईकडून. आई गांधर्व महाविद्यालयाची विशारद. सत्तरी ओलांडली तरी सकाळी मिरजेचा तंबोरा जुळवून थोडं गुणगुणते. माझ्या खोलीतून रोज येणारे पाच स्वर तिनं काही दिवस ऐकून घेतले आणि एकदा दारात येऊन म्हणाली, “अगं, हा धानी आहे. पण तू त्याला कुठे बसूच देत नाहीस.”

सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. काफी थाटातला छोटासा, खेळकर राग. वादी गंधार, संवादी निषाद. ‘हम दोनों’ (1961) मध्ये जयदेव यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेलं प्रभूच्या नामाचं भजन धानीतलंच. मी तिला माझी स्केल वाजवून दाखवली, ए पासून ए पर्यंत, एकसारख्या वजनानं. ती म्हणाली, “आता गंधारावर थांब. तिथूनच मध्यमाला नुसता हात लाव आणि परत ये.” मी तसं केलं. स्वर तेच, पडदे तेच, आणि तरी खोलीत पहिल्यांदा काहीतरी सांगितलं गेल्यासारखं वाटलं.

आईचं म्हणणं पटवून द्यायला आपल्या संगीतात दाखले हवे तेवढे आहेत. भूप आणि देशकार दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच शुद्ध स्वर. पण भूप गंधारावर विसावतो, पूर्वांगात रमतो आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकार धैवतावर उभा राहतो, उत्तरांगातून खाली पाहतो आणि तो सकाळचा. पाच स्वरांच्या यादीत हा फरक कुठेही लिहिलेला नसतो. मेघ आणि मधमाद सारंग यांचंही तसंच. स्केल पाठ झाली म्हणजे स्वर कळले. त्यातल्या कुणाला किती वेळ द्यायचा हे अजून कळायचं असतं. किशोरीताईंचा भूप ऐकताना आपण पाच स्वर ऐकत नसतो, गंधाराकडे पुन्हा पुन्हा वेगळ्या वाटेनं येणं ऐकत असतो.

यानंतर मी एक वेगळा रियाज सुरू केला, आणि या स्केलवर माझा जीव जडला तो त्या रियाजामुळे. बोटं हलवायची नाहीत. ए, सी, डी, ई, जी हेच पाच स्वर. बदलायचा तो फक्त मागचा तंबोरा. फोनवरचा तंबोरा ए वर लावला की धानी. तोच सी वर नेला आणि सी ला सा मानलं की सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर. डी ला सा मानलं की सा रे म प आणि कोमल नी, मेघाचे आणि मधमाद सारंगाचे. जी ला सा मानलं की सा रे म प ध, दुर्गा. आणि ई ला सा मानलं की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी: मालकंस. कर्नाटक संगीतात याला ग्रहभेद म्हणतात, आपल्याकडे मूर्च्छनेचा विचार या अंगानं होतो. वर्षानुवर्षं पुस्तकात वाचलेली ही गोष्ट बोटांखाली घडताना पाहणं याचा आनंद निराळाच. गिटारवर पेंटाटॉनिकचे पाच बॉक्स शिकवतात: पहिला पाचव्या ते आठव्या पडद्यात, दुसरा सातव्या ते दहाव्यात, तिसरा नवव्या ते तेराव्यात, चौथा बाराव्या ते पंधराव्यात, पाचवा चौदाव्या ते सतराव्यात. जाड तारेवर प्रत्येक बॉक्स वेगळ्या स्वरावर सुरू होतो, ए वर, सी वर, डी वर, ई वर, जी वर. विद्यार्थी ते आकृत्या म्हणून पाठ करतात. माझ्यासाठी ते आता धानीचं, भूपाचं, मेघाचं, मालकंसाचं आणि दुर्गेचं दार आहे.

त्यातही धानी आणि मालकंस ही जोडी मला सोडवत नाही. धानीसाठी तंबोरा पंचमात लावतात. ए हा सा, तर पहिली तार ई, पुढच्या तीन तारा ए. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाची. ई हा सा धरला तर त्याचा मध्यम ए. म्हणजे पहिली तार ए, पुढच्या तीन तारा ई. दोन्हीकडे तंबोऱ्यात दोनच स्वर, आणि दोन्हीकडे तेच दोन स्वर. फरक एवढाच की कुणाला एकदा छेडलं आणि कुणाला तीनदा. तेवढ्या फरकानं दुपारी सहज गुणगुणावा असा धानी उत्तररात्रीचा गंभीर मालकंस होतो. ‘बैजू बावरा’ (1952) मधलं रफींनी गायलेलं हरिदर्शनाच्या तळमळीचं भजन ज्यांच्या कानात आहे त्यांनी हा प्रयोग करून पाहावा. आधी ए चा तंबोरा ठेवून पाच स्वर वाजवावेत, मग नुसता तंबोरा बदलावा. डी हा स्वर धानीत मध्यम होता, आता तो निषाद झाला. सी गंधार होता, तो धैवत झाला. बोट तिथेच आहे, तार तीच, कंपनं तेवढीच, आणि स्वराचा चेहरा पूर्ण वेगळा. मी हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा बराच वेळ गिटार खाली ठेवता आली नाही.

आईबरोबर वाजवायचं तर मला खाली उतरावं लागतं. तरुणपणी तिचा सूर काळी चार होता, आता पांढरी पाच. गिटारवाल्यांच्या भाषेत जी. पाचव्या पडद्यावरची संपूर्ण आकृती उचलायची आणि तिसऱ्या पडद्यावर ठेवायची, एवढंच. बोटांची मांडणी तसूभरही बदलत नाही. पेटीवर सूर बदलला की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सगळा हिशेब बदलतो. गिटारचं पेंटाटॉनिक मात्र गाणाऱ्याच्या गळ्यामागे मुकाट्यानं जातं. सा कुठेही मानावा, ही आपल्या संगीतातली मुभा या परक्या वाद्याला किती सहज जमते, याचं मला कौतुक वाटत आलं आहे.

आता या स्केलच्या मूळ गावाकडे जायला हवं, कारण गिटारवर ती जन्मली ती धानी म्हणून नव्हे. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानं 1941 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात एक आठवण लिहिली आहे. 1903 च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर या छोट्या स्टेशनवर गाडीची वाट पाहताना त्याचा डोळा लागला, आणि जाग आली ती शेजारी बसलेल्या एका फाटक्या कपड्यांतल्या कृष्णवर्णीय माणसाच्या गिटारनं. तो माणूस तारांवर सुरी दाबून ती सरकवत वाजवत होता. हँडीनं तोवर असं काही ऐकलं नव्हतं. सुरी पडद्यांना जुमानत नाही. दोन पडद्यांच्या मधे जे काही आहे ते सगळं तिला गाता येतं, आणि ब्लूजचा प्राण तिथेच आहे.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी कापसाच्या शेतांत गायलेलं गाणं आणि युरोपातून आलेल्या कॉर्ड्स यांची गाठ पडली तिथे ब्लूज उभा राहिला, असं अभ्यासक मानतात. माझ्या कानाला ती गाठ गंधारावर ऐकू येते. ए7 या कॉर्डमध्ये सी शार्प असतो, म्हणजे शुद्ध गंधार. त्यावर गाणारा मायनर पेंटाटॉनिकचा सी लावतो, म्हणजे कोमल गंधार. नियमानं पाहिलं तर हे जमू नये. ते जमतं, कारण गाणारा कोमल गंधार पडद्यावर ठेवत नाही, तो त्याला थोडा वर उचलतो. सप्तकाचे 1200 भाग केले तर पडद्यावरचा कोमल गंधार 300 वर असतो आणि शुद्ध 400 वर. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मधे कुठेतरी राहतो, आणि एकाच गाण्यातसुद्धा एका जागी राहत नाही. आपल्या श्रुतिविचारात कोमल गंधाराच्या दोन जागा सांगितल्या आहेत, सुमारे 294 आणि सुमारे 316. गिटारचा पडदा या दोघांमध्ये, कुणाचाच न होता बसलेला. त्याला कुठे न्यायचं ते बोटानं ठरवायचं.

त्यासाठी तार खेचायची. तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर सी दाबायचा आणि तर्जनीनं तार किंचित खालच्या अंगाला ओढायची, इतकी कमी की पाहणाऱ्याला बोट हललेलंही कळू नये. त्याच तारेवर सातव्या पडद्यावरचा डी मात्र अनामिकेनं पूर्ण स्वरभर चढवून ई ला न्यायचा. अनामिकेमागे मधलं बोट आणि तर्जनी दोन्हींचा आधार द्यायचा, आणि जोर बोटांतून नव्हे, मनगट फिरवून आणायचा. हे सतारीच्या मींडेचंच काम. सतारियाही तार पडद्यावर आडवी ओढूनच वरचा स्वर काढतो. इलेक्ट्रिक गिटारवर बारीक तारांचा संच असला तर हे जमतं. अकूस्टिक गिटारवर तिसरी तार बहुधा वेटोळं घातलेली, जाड असते, तिथे पूर्ण स्वराची मींड बोटांचा घाम काढते. जुन्या ब्लूज गायकांनी सुरी, बाटलीची मान, लोखंडी नळी यांची वाट धरली ती स्वर अखंड सरकावा म्हणून. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून सळईनं राग वाजवले तेही त्याच ओढीनं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (1967) मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूरशेजारी आणि चौरसियांच्या बासरीशेजारी त्यांची गिटार गाते, आणि ती पडद्यांची आहे हे विसरायला होतं.

तार खेचण्याचा, म्हणजे बेंडचा, रियाज करताना मी आधी गाते. मला ज्या स्वरावर पोचायचं आहे तो पुढच्या पडद्यावर दाबून ऐकते, गळ्यानं धरते, मग मागच्या पडद्यावरून तार खेचून त्याला जाऊन मिळते. गळा आणि तार एकत्र आले की त्या दोन स्वरांमधलं थरथरणं थांबतं. ते थांबणं कानाला ओळखू यायला लागलं की बोटाला नजरेची गरज राहत नाही.

ब्लूजचं आवर्तन 12 बारचं, 48 मात्रांचं. पहिले चार बार ए7, मग दोन बार डी7, दोन ए7, एक ई7, एक डी7 आणि शेवटचे दोन पुन्हा ए7. आपल्या कानाला यात लगेच सम ऐकू येते, आणि ती ऐकू येणं फार उपयोगाचं ठरतं. अवघड जातं ते दुसरंच. तंबोऱ्यावर सा अढळ असतो. इथेही सा ए च आहे, पण त्याच्याखालची जमीन सरकते. ए7 वर जो सी घासत होता, तोच डी7 आली की निवांत होतो, कारण सी हा डी7 च्या पोटातलाच स्वर. ई7 वर जी वाजवला की तो तिच्यातल्या जी शार्पशी भांडतो, आणि डी मात्र तिथे घरच्यासारखा राहतो. पाच स्वरांपैकी प्रत्येकाला तीन कॉर्ड्सवर तीन वेगळे स्वभाव. “चुकीचा स्वर नाही” हे इथवर आलं की मला पुरेसं वाटत नाही. प्रत्येक स्वराची आपापली वेळ आहे, आणि त्या वेळेआधी तो वाजवला तर तो बरा लागतो, पण वाया जातो.

बी. बी. किंग यांच्याकडून मी याबाबत सगळ्यांत जास्त शिकते. मिसिसिपीत 1925 साली जन्मलेल्या या माणसाला नळी सरकवून वाजवणं जमलं नाही. आईच्या नात्यातल्या बुक्का व्हाइटच्या सरकत्या स्वराचा तो थरथराट आपल्या बोटांतून काढायचा प्रयत्न करता करता त्यांचा व्हायब्रेटो घडला, असं ते सांगत. गाताना ते वाजवत नसत आणि वाजवताना गात नसत. ओळ गायची, मग गिटारनं तिला उत्तर द्यायचं. ब्लूजच्या कडव्याची घडणच तशी आहे. चार बारांत एक ओळ, पुढच्या चारांत तीच पुन्हा, शेवटच्या चारांत तिला जोड देणारी तिसरी. आणि प्रत्येक वेळी ओळ अर्ध्यातच संपते, उरलेली जागा वाद्याची. ‘द थ्रिल इज गॉन’ (1969) ऐकताना मी ते किती स्वर वाजवतात ते ऐकत नाही. एक स्वर लावून झाल्यावर ते किती वेळ काहीच वाजवत नाहीत, ते ऐकते. तो धीर मला मेट्रोनोमचा आकडा वाढवण्यापेक्षा फार मोठा वाटतो, आणि मिळवायला फार कठीण.

म्हणून आजकाल मी एक पूर्ण आवर्तन फक्त दोन स्वरांत वाजवते. सा आणि गंधार. पुढचं आवर्तन सा आणि निषाद. हाताशी एवढंच असलं की लय मोडावी लागते, जोर कमी-जास्त करावा लागतो, गप्प बसावं लागतं. बारा जागा उपलब्ध असताना जे सुचत नाही ते इथे सुचतं. तिसरा स्वर घ्यायची परवानगी मी स्वतःला देते तेव्हा तो स्वर खरोखर नवा वाटतो.

आईला ब्लूज आवडतो. तिला त्यात जोग ऐकू येतो, आणि ती म्हणते ते बरोबर आहे. जोगाच्या आरोहात सा ग म प नी, गंधार शुद्ध. अवरोहात सां नी प म ग सा, गंधार कोमल. निषाद दोन्हीकडे कोमलच. मायनर पेंटाटॉनिकमध्ये चढताना एक शुद्ध गंधार मिसळला की जोग समोर उभा राहतो, आणि ए7 वर तो असा चपखल बसतो की जणू ती कॉर्ड त्याच्यासाठीच केली असावी. आम्ही दोघी आता हाच वाजवतो-गातो, ती पांढरी पाचमध्ये आणि मी तिसऱ्या पडद्यावर.

मतभेद आहे तो एका जागेवर. जोगात दोन गंधार लगेच एकापुढे एक येत नाहीत. शुद्ध गंधारावरून मध्यमाला जायचं आणि मग कोमल गंधारावरून सा ला उतरायचं, ग म ग सा, मध्ये मध्यमाची भिंत. ब्लूजवाला ती भिंत ठेवत नाही. तो कोमल गंधार लावतो आणि दुसरं बोट आपटून थेट शुद्धावर जातो, मग सा. आईच्या मते यानं दोन्ही गंधारांची रया जाते. माझं म्हणणं, ती घासट हाच या संगीताचा सगळ्यांत सच्चा उच्चार आहे. टटवायलरच्या त्या माणसाची सुरी हेच करत असणार. परवा मी तिला ती जागा चार-पाच वेगवेगळ्या गतींनी वाजवून दाखवली. तिनं ती गाऊन पाहिली, आधी मध्यम घेऊन, मग न घेता. “गळ्यात नाही बसत,” ती म्हणाली, “पण थांब, कोमल गंधार थोडा चढवून घेतला तर?” आणि तंबोऱ्याची खर्जाची तार पुन्हा एकदा जुळवायला घेतली.